अरण्यातील सारथी

नलराजाची कथा तुम्ही ऐकली असेल. द्यूतात राज्य गमावून बसलेला नल वनात गेला. तेथे कर्कोटक नागाच्या दंशाने त्याचे रूप पालटले. मग तो बाहुक हे नाव धारण करून अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडे सारथी म्हणून राहिला. पुढे विदर्भात दमयंतीचे दुसरे स्वयंवर होणार, अशी वार्ता ऋतुपर्णाच्या कानी आली. मध्ये अवघा एक दिवस उरला होता. बाहुकाने घोडे जोडले आणि रथ असा काही पिटाळला, की वाटेत राजाचे उत्तरीय खाली पडले आणि 'जरा थांब, ते उचलून घेऊ,' असे राजा म्हणेपर्यंत रथ एक योजन पुढे निघून गेला होता!

त्याच विदर्भात आज निराळ्या प्रकारचे सारथी आहेत. त्यांच्या रथाला घोडे नाहीत, इंजिन आहे. ते राजाला स्वयंवराला नेत नाहीत. तुमच्याआमच्यासारख्या माणसांना अरण्यातील प्राणी दाखवावयास नेतात. मात्र त्यांची ख्याती वेगासाठी नाही. ज्याला सावकाश जाता येते, वेळेवर थांबता येते आणि प्रसंगी मागे फिरता येते, तोच त्यांच्यात उत्तम समजला जातो. हे सारथी म्हणजे वनसफारीच्या गाड्यांचे चालक. त्यांचे काम वरवर पाहता सोपे वाटते. परंतु त्यात किती ज्ञान, किती सावधपणा आणि किती संयम लागतो, ते या पाठात पाहू.

प्रथम 'सफारी' हा शब्दच पाहू. तो पूर्व आफ्रिकेतील स्वाहिली भाषेतून जगभर पसरला. त्याचा अर्थ प्रवास असा आहे. स्वाहिलीत तो अरबी भाषेतून आला, आणि त्याच अरबी मुळापासून निघालेला 'सफर' हा शब्द फारसीच्या वाटेने मराठीत येऊन राहिला. तेव्हा सफारी आणि सफर ही सख्खी भावंडेच होत. एके काळी सफारीला निघणारे लोक बंदुका घेऊन निघत. आज ते केवळ डोळे आणि कॅमेरे घेऊन निघतात. एवढा एक पालट झाला, ही आनंदाची गोष्ट होय.

प्राणी पाहण्याची हौस आपल्याकडे जुनी आहे. पेशवाईत पुण्याला शिकारखाना होता, आणि गंगाराम तांबट या चित्रकाराने १७९० साली तेथील गेंड्याचे काढलेले चित्र अजून जपून ठेवलेले आहे. पुढे १९५३ साली पेशवे उद्यान झाले. १९५६ साली त्यात 'फुलराणी' ही चिमुकली आगगाडी धावू लागली आणि पुण्यातील कित्येक पिढ्यांचे बालपण तिच्या शिटीने भरून गेले. १९९९ साली कात्रज येथे राजीव गांधी प्राणिसंग्रहालय सुरू झाले आणि पेशवे उद्यानातील प्राणी तिकडे हलविण्यात आले. या सर्व ठिकाणी एक गोष्ट समान होती : प्राणी कोंडलेले आणि माणूस मोकळा. सफारीत हा क्रम उलटा होतो. तेथे प्राणी मोकळे असतात आणि माणसाला गाडीत बसून राहावे लागते.

सफारी दोन प्रकारची असते. पहिला प्रकार कुंपणातील सफारीचा. मुंबईजवळ बोरिवलीला सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. त्याच्या एका कुंपण घातलेल्या भागात जाळी लावलेल्या लहान बसमधून वाघ-सिंह पाहावयास मिळतात. नागपूरजवळ गोरेवाडा येथे २६ जानेवारी २०२१ रोजी असेच मोठे प्राणी उद्यान सुरू झाले. तेथे वाघ, बिबटे, अस्वले आणि तृणभक्षक प्राणी यांच्यासाठी वेगवेगळी आवारे आहेत. आफ्रिकेबाहेर गाडीतून हिंडून पाहण्याचे पहिले सफारी उद्यान १९६६ साली इंग्लंडमध्ये लाँगलीट येथे उघडले. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात १९९८ साली सुरू झालेल्या एका प्रचंड प्राणी उद्यानात तर चालकाला एकाच वेळी दोन कामे करावी लागतात. तो गाडी हाकतो आणि त्याच वेळी समोरच्या प्राण्याची माहितीही सांगत जातो. जिराफ रस्त्यात आडवा उभा राहिला, तर तो जाईपर्यंत वाट पाहणे आणि तोवर प्रवाशांना कंटाळा येऊ न देणे, हे त्याचे कौशल्य.

कुंपणातील सफारीत दारांची एक युक्ती असते. अशा आवाराला एकामागे एक अशी दोन फाटके ठेवतात. पहिले फाटक उघडते आणि गाडी मधल्या जागेत येऊन उभी राहते. पहिले फाटक पक्के बंद झाल्याखेरीज दुसरे उघडत नाही. बाहेर पडतानाही हाच क्रम. दोन्ही फाटके एकाच वेळी कधीही उघडी राहावयाची नाहीत, हा नियम. घाई झालेल्या माणसाला हा उशीर वाटतो. परंतु याच अर्ध्या-एक मिनिटावर आतील वाघाची आणि बाहेरील माणसांची सुरक्षितता अवलंबून असते.

दुसरा प्रकार खुल्या अरण्याचा. येथे कुंपण नाही, फाटकांची जोडी नाही आणि प्राणी दिसेलच अशी खात्रीही नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा हे याचे उत्तम उदाहरण होय. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झालेले हे महाराष्ट्रातील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान. पुढे अंधारी नदीच्या परिसरातील अभयारण्य त्याला जोडण्यात आले आणि ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प उभा राहिला. त्याचे गाभा क्षेत्र सुमारे ६२५ चौरस किलोमीटर आहे. वाघाशी झुंजताना मरण पावलेला तारू नावाचा गोंड प्रमुख पुढे देव मानला गेला आणि त्याच्यावरून ताडोबा हे नाव पडले, असे तेथील लोक सांगतात. तलावाच्या काठी त्याचे देऊळ आहे.

या अरण्यातील चालकाचा दिवस सूर्योदयापूर्वीच सुरू होतो. जिप्सी नावाची उघडी गाडी तो अंधारातच तपासतो. चाकांतील हवा, ब्रेक, पाणी, इंधन, स्टेपनी आणि हत्यारे सर्व जागच्या जागी आहेत ना, हे पाहतो. विशेष लक्ष असते ते बॅटरीकडे. प्राणी जवळ असताना इंजिन बंद करावे लागते. आणि बंद केलेले इंजिन किल्ली फिरविताच पुन्हा सुरू झाले पाहिजे. रस्त्यावर गाडी अडली, तर चार माणसे उतरून ढकलतात. येथे तर कोणी पाय खाली ठेवावयाचा नाही! म्हणून शहरात जी हयगय खपून जाते, ती अरण्यात खपत नाही.

फाटकावर प्रत्येक पर्यटकाच्या नावाची नोंद तपासली जाते. एका जिप्सीत सहा पर्यटक, एक मार्गदर्शक आणि चालक, एवढीच माणसे बसतात. गाभा क्षेत्रात मोबाइल नेता येत नाही. मग उजाडते, फाटक उघडते आणि गाड्या एकामागून एक मुरमाच्या रस्त्याने आत शिरतात.

तेथे ताशी २० किलोमीटरची मर्यादा आहे. 'एवढ्या हळू कशासाठी?' असे तुम्ही विचाराल. थोडे गणित करून पाहा. ताशी २० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे साडेपाच मीटर. बांबूच्या आडून अचानक चितळाने उडी घेतली आणि ते पाहून ब्रेकवर पाय पडण्यास एक सेकंद लागला, तर तेवढ्यात गाडी साडेपाच मीटर पुढे गेलेली असते. वेग ताशी ४० असता, तर ती अकरा मीटर पुढे गेली असती. शिवाय वेग दुप्पट झाला, की ब्रेक लागल्यानंतर गाडी थांबण्यास लागणारे अंतर दुप्पट नव्हे, तर सुमारे चौपट होते. वळणावळणाच्या कच्च्या वाटेवर, समोरचे फारसे दिसत नसताना, हा फरक एका पाडसाच्या प्राणाएवढा असतो.

सावकाश जाण्याचा आणखी एक लाभ आहे. हळू जाणाऱ्याला पुष्कळ दिसते आणि थांबणाऱ्याला ऐकू येते. चालक मध्येच इंजिन बंद करतो. नवख्या प्रवाशाला वाटते, गाडी बिघडली. परंतु तो कान देऊन ऐकत असतो. अरण्याला एक भाषा आहे. झाडाच्या शेंड्यावर बसलेल्या वानराला दूरवरचे दिसते; वाघ वा बिबट्या दिसताच ते खाकरल्यासारखा आवाज काढून सर्वांना सावध करते. चितळ तीक्ष्ण स्वरात ओरडते, भेकर भुंकते, सांबर घुमणारा मोठा आवाज काढते. यांतही तारतम्य असते. चितळ लहानसहान कारणानेही दचकते. पण सांबर ओरडले, तर जाणता चालक ते मनावर घेतो. आवाज कोठून आला, पुन्हा आला काय, पुढे सरकतो आहे काय, यावरून तो वाघाच्या मार्गाचा अंदाज बांधतो. धुळीत उमटलेला ठसा ताजा की शिळा, हेही तो गाडीतूनच ओळखतो. ठशावरून चाकाची खूण गेली असेल, तर वाघ गाडीच्या आधी गेला. ठसा चाकाच्या खुणेवर असेल, तर नंतर. केवढे साधे आणि केवढे अचूक तर्कशास्त्र!

वाघ दिसला म्हणजे चालकाची खरी परीक्षा सुरू होते. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने २०१२ साली घालून दिलेल्या नियमांप्रमाणे प्राण्यापासून किमान २० मीटर अंतर राखावयाचे असते. प्राण्याला घेरणे, त्याला आमिष दाखविणे वा खाऊ घालणे यांना बंदी आहे. परंतु नियमातील अंतर अरण्यात दोरी लावून मोजता येत नाही. ते प्राण्याच्या चर्येवरून ओळखावे लागते. वाघाचे कान मागे चिकटले, शेपटीचे टोक झटके देऊ लागले, गुरगुर ऐकू आली, तर त्याला आपली अडचण होत आहे, असे समजावे. गव्याने मान खाली घालून फुत्कार टाकला, तर आणखी पुढे जाऊ नये. वाघ रस्त्याने गाडीच्या दिशेने चालत येऊ लागला, की चालक तोंड न फिरविता गाडी हळूहळू मागे घेतो. मऊ पंजांना मोकळी वाट बरी वाटते, म्हणून वाघ पुष्कळदा रस्त्यानेच चालतो. ती वाट आपण केली असली, तरी तो तेथला मालक आणि आपण पाहुणे. पाहुण्याने वाट द्यावी, हा शिष्टाचार येथेही लागू पडतो.

प्रवाशांनी गाडीत उभे राहू नये, हात बाहेर काढू नयेत, मोठ्याने बोलू नये, असे चालक पुनःपुन्हा का बजावतो? गाडी आणि तिच्यातील माणसे प्राण्यांना एकच अखंड आकृती भासतात आणि नित्य दिसणाऱ्या त्या आकृतीला ते सरावतात, असा जाणत्यांचा अनुभव आहे. त्यातून एक माणूस सुटून वेगळा दिसू लागला, की ओळखीची वस्तू अनोळखी होते. मग प्राणी एक तर पळून जातो, नाही तर उलटतो.

परंतु चालकाच्या कामातील सर्वांत अवघड भाग प्राण्यांशी वागण्याचा नाही. तो माणसांशी वागण्याचा आहे. काही वर्षांपूर्वी मोहर्लीच्या फाटकातून आम्ही ताडोबात गेलो होतो. एका वळणावर बांबूच्या बेटात वाघीण उभी होती. पट्ट्यांचा थोडासा भाग तेवढा दिसत होता. ती अगदी खालच्या स्वरात हुंकार देत होती. आमच्या गाडीत दूरच्या शहरातून आलेले एक गृहस्थ होते. ते चालकाला म्हणाले, "अहो दादा, आणखी दहा पावले पुढे घ्या ना. फोटो नीट येईल. हवे तर वर पैसे देतो."

चालक तरुण होता. तो हळूच म्हणाला, "नाही साहेब. ती पिल्लांना बोलावून राहिली. पिल्लं या बाजूला असतील. आपण मधात उभे राहिलो, तर ती रस्ता ओलांडणार नाहीत." एवढे बोलून त्याने गाडी मागे घेतली, चांगली शंभर पावले मागे. ते गृहस्थ रुष्ट झाले आणि परत येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. पिल्ले आम्हाला दिसली नाहीत. बांबूची पाने थोडा वेळ हलली आणि मग सर्व शांत झाले, एवढेच. त्या दिवशी त्या चालकाला बक्षिसी मिळाली नाही, हे मात्र मी पाहिले.

या लहानशा प्रसंगात किती गोष्टी आल्या आहेत, पाहा. अनेक ठिकाणी चालक आसपासच्या गावांतलाच असतो. गाडीचे हप्ते, घराचा खर्च, मुलांचे शिक्षण, सारे या फेऱ्यांवर चालते. पावसाळ्यात १ जुलैपासून ३० सप्टेंबरपर्यंत गाभा क्षेत्राची फाटके बंद असतात. त्या दिवसांत ही मिळकतही आटते. अशा माणसाला प्रवासी खूश झाला तर चार पैसे अधिक मिळतात आणि प्रवाशाला तर वाघ अगदी जवळून पाहावयाचा असतो. 'नाही' म्हणणे म्हणजे आपल्याच पदराला खार लावून घेणे. तरीही ज्याला वेळेवर 'नाही' म्हणता येते, तोच अरण्याचा खरा राखणदार.

हे 'नाही' कोणीच उच्चारले नाही तर काय घडते, तेही आपल्यासमोर आले आहे. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात, गोठणगावच्या बाजूला, एक वाघीण आपल्या पाच पिल्लांसह रस्त्यावर आली होती. दोन्ही बाजूंनी पर्यटकांच्या गाड्या येऊन उभ्या राहिल्या आणि त्या मायलेकरांची वाट अडली. ते दृश्य चित्रफितीतून सर्वत्र पसरले, लोक हळहळले आणि संतापले. वनखात्याने संबंधित चालकांवर आणि मार्गदर्शकांवर कारवाई करून त्यांना कामावरून निलंबित केले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जानेवारी २०२५ मध्ये स्वतःहून या प्रकरणाची दखल घेतली.

चालकांना शिक्षा झाली, ते योग्यच. परंतु मुलांनो, थोडा विचार करा. त्या गाड्यांत चालकाखेरीज आणखी कोण होते? 'पुढे घ्या, पुढे घ्या' अशी घाई सफारीत कोण करते? चालकाच्या हाती चक्र असते हे खरे. पण गाडीतील प्रत्येक प्रवाशाची हाव त्या चक्राला थोडी थोडी फिरवीत असते. म्हणून उत्तम चालक घडविण्याचे काम जितके वनखात्याचे, तितकेच प्रवाशांचेही आहे. उद्या तुम्ही सफारीला गेलात आणि वाघ न दिसता परतलात, तर चालकाला दोष देऊ नका. त्याने नेमके कोठे थांबविले, कोणते पक्षी दाखविले, कोणते आवाज ऐकविले, याबद्दल त्याचे आभार माना. तुमच्या त्या दोन शब्दांनी पुढच्या प्रवाशाला 'नाही' म्हणण्याचे बळ त्याला येईल.

कौशल्य म्हणजे पुष्कळ शक्ती लावणे, अशी आपली समजूत असते. पुण्यातील मुलांनी कसबा पेठेतील तांबट आळीत एकदा जाऊन पाहावे. तांब्याच्या हंड्यावर मठारकाम करणारा कारागीर हातोडा जोरात हाणीत नाही. प्रत्येक ठोका मोजका, हवा तेथेच आणि हवा तेवढाच. एक ठोका अधिक बसला, तर पत्रा फाटतो. त्याच्या हातातील जोरापेक्षा त्याने आवरून धरलेला जोर मोलाचा असतो. अरण्यातील सारथ्याचेही तसेच आहे. गाडीला वेग असतो. तो वापरीत नाही. पुढे जाण्यास वाट असते. तो जात नाही. त्याचे श्रेष्ठत्व या न करण्यात आहे.

ताडोबासारख्या ठिकाणी आता गावातील स्त्रियाही मार्गदर्शक म्हणून काम करतात. ज्या अरण्यात एके काळी केवळ सरपण आणि मोहफुले यांसाठी जावयाचे, त्याच अरण्याची ओळख त्या परगावच्या लोकांना करून देतात. वाघ जिवंत राहिला, तर गावाला काम मिळते. आणि गावाला काम मिळाले, तर वाघ राखण्यास गाव पुढे येते. या साखळीतील एक महत्त्वाचा दुवा म्हणजे गाडीचा चालक. तो दुवा बळकट असला, तर साखळी टिकेल.

नलराजाच्या कथेचा शेवटचा भाग सांगून हा पाठ पुरा करू. विदर्भाकडे धावणाऱ्या त्या रथातून जाताना ऋतुपर्णाने एका बेहड्याच्या झाडाकडे बोट दाखवून त्याची पाने आणि फळे किती, ते क्षणात सांगितले. नलाला नवल वाटले. स्वयंवराची घाई असतानाही त्याने रथ थांबविला, खाली उतरून फळे मोजली आणि राजाचा आकडा बरोबर असल्याचे पाहिले. मग आपली अश्वविद्या राजाला देऊ करून त्याने राजापासून अक्षविद्या घेतली. ती प्राप्त होताच इतके दिवस त्याच्या अंगात ठाण मांडून बसलेला कली बाहेर पडला. पुढे त्याच विद्येच्या बळावर नलाने आपले राज्य परत मिळविले. वायुवेगाने रथ हाकणाऱ्या नलाला जे हवे होते, ते त्याला रथ थांबविल्यावर लाभले. ताडोबाच्या वनात बेहड्याची झाडे आजही आहेत. त्यांच्या सावलीत एखादा चालक इंजिन बंद करून कान देऊन बसलेला दिसला, तर तो वेळ दवडीत आहे, असे समजू नका. तो आपले काम करीत आहे.